बायांची जागा

दीपक कांदळगावकरच्या गाडीत डाव्या सीटखाली एक लॅपटॉप राहत होता. राहत होता असंच म्हणायला हवं, कारण त्याला तिथे बिऱ्हाड करून सहा वर्षं झाली होती. अंगाखाली जुन्या गोधडीची घडी, वरून सुटकेसचा पट्टा, आणि शेजारी वायरींचं भेंडोळं. मूळचा तो दीपकच्या लेकीचा, मेघनाचा. कॉलेज संपलं, तिला नवा मिळाला, आणि बिजागरी निखळलेला, ‘एम’चं बटण गळालेला हा जुना बापाकडे आला, जसे लालबागच्या चाळीत लेकरांचे स्वेटर बापाच्या अंगावर येतात.

गाडीही जुनीच, निळी, दुसऱ्याकडून घेतलेली. तिच्यातल्या टेपने सीडी गिळणं कधीच सोडलं होतं. पेन ड्राइव्ह लावली तर नुसता डोळे मिचकावायचा. पण त्याच्या तोंडाशी एक बारीक गोल भोक होतं. त्यात वायर खुपसली की बाहेरचं काहीही वाजायचं. दीपकने लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून त्या भोकात वायर ओढली आणि गाडीला कंठ फुटला.

“घरात सिलिंडर ठेवायला जागा नाही,” त्याची बायको वैशाली म्हणायची, “आणि गाडीत कॉम्प्युटरला बेडरूम.”

“बाबा, मोबाइल जोडा ना त्यालाच,” मेघना म्हणायची.

“मोबाइलवर गाणं ऐन रंगात आलं की कुणीतरी विचारतं, कर्जतला प्लॉट हवाय का. हा बिचारा कुणाचा फोन घेत नाही.”

सुरुवातीला त्या बिचाऱ्यानेही छळलं. गाडी चालू असताना चार्जर लावला की स्पीकरमधून किंईईई असा बारीक सूर निघायचा. गाडी पळवली की सूर चढायचा, सिग्नलला थांबली की उतरायचा. परळला दीपकचा शाळेतला मित्र मनू गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम करायचा. त्याने कान लावला.

“दीपकशेठ, तुझ्या इंजिनाला पण गायचंय रे. गाडीची वीज गाण्याच्या वायरीत घुसतेय.” त्याने वायरीच्या मधोमध काडेपेटीएवढी एक काळी डबी बसवली. किंईईई गेलं. “आता जे आत गाईल तेच बाहेर येईल. बाकी कोण मधे नाही.”

मनूच्या त्या डबीचे उपकार दीपक आजही सांगतो. कारण पुढे त्या वायरीतून जे यायचं होतं ते इंजिनाच्या सुरात मिसळून चाललं नसतं. त्या वायरीतून त्याची आई येणार होती.

*

दीपकची आई शांता. नवरा गिरणीत होता तेव्हापासून ह्याच चाळीत, आणि आता त्याला जाऊन बारा वर्षं झाली तरी ह्याच चाळीत. लालबाग-परळच्या कोकणी घरांत कुणाचंही लग्न निघालं की आधी शांताकाकूला सांगावा जायचा, मग मांडववाल्याला. लग्नाच्या आदल्या दिवशी घाणा भरतात. उखळात हळकुंडं घालायची, दोन मुसळांना आंब्याची पानं बांधायची, बायकांनी धरून कांडायचं आणि कांडता कांडता गायचं. देवांना बोलवायचं, पितरांना बोलवायचं, गावच्या वेशीपासून सगळ्यांना लग्नाचं आवतन द्यायचं. एक बाई ओळ टाकते, बाकीच्या ती झेलतात. ती टाकणारी बाई शांता. ती आल्याशिवाय मुसळ उचलत नसत.

देव झाले, पितर झाले, की शांता स्वतःची ओवी लावायची. गावाकडे कुणी बोलावली नसतील अशी पाहुणेमंडळी ती मांडवात बोलावून आणायची:

*पयलं आवतन, चाळीच्या जिन्याला,*
*किती गं पायांला, सोसलंस बाई.*

*दुसरं आवतन, शेजीच्या दाराला,*
*मीठ-साखरेला, जागली जी गं.*

ह्या ओळीला शेजारणी पदर डोळ्याला लावायच्या आणि दुसऱ्या दिवशी साखर मागायला यायच्या.

वैशाली साताऱ्याकडची. लग्न होऊन आली तेव्हा तिला ह्यातलं काही येत नव्हतं, आणि गाण्याचा भलताच संकोच. घाणा सुरू झाला की ती चहाचं निमित्त करून आत पळायची. शांता हसून म्हणायची, “पळ, पळ. तुझी एक ओवी माझ्याकडे ठेवलेली आसा. खंय जातली ती?”

पाच वर्षांपूर्वी शांताचा आवाज बसला. सर्दी म्हणून काढा झाला, हळद-दूध झालं, मग परळच्या हॉस्पिटलात तपासणी झाली. तरुण डॉक्टरीणबाईंनी दीपककडे न बघता शांताकडे बघून सांगितलं की आजी, गाठ आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. मानेला एक भोक राहील, श्वास तिथून घ्यायचा.

“जेवूक येतला मां?” शांताने विचारलं.

“येईल, आजी.”

“मग काढा.”

परत येताना ती गाडीत डाव्या सीटवर बसली होती. भारतमाता सिनेमाचा सिग्नल लागला. समोर एक बाई दुधी हातात धरून रस्ता ओलांडत होती, तिच्याकडे शांता पाहत होती. आणि एकदम म्हणाली, “झिला, मेघनाच्या घाण्याक कोण गातला?”

मेघना तेव्हा बावीसची. लग्नाचा विषयसुद्धा नव्हता. पण दीपकला त्या क्षणी दुसरं काही दिसेना. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवू लागले, आणि तो म्हणाला, “तूच गाशील. मी बघतो.”

ऑपरेशनला आठ दिवस होते. चाळीत शांतता कुठली. एकीकडे कुकर, एकीकडे मालिका, जिन्यावर पोरं. दीपकचं ऑफिस कॉटन ग्रीनला, कुरिअर कंपनीत. त्याला ठाऊक होतं, रविवारी नि सुट्टीच्या दुपारी तिथल्या गोदामांच्या गल्लीत कबुतरांशिवाय कोणी नसतं. त्याने गाडी एका पर्जन्यवृक्षाखाली उभी केली, काचा चढवल्या, लॅपटॉप सीटखालून काढून मांडीवर घेतला आणि त्याला एक छोटा माइक जोडला.

“हय गाऊचा?” शांताने समोरच्या डॅशबोर्डकडे बघितलं. “कोणाक?”

“बायका बसल्यात असं समज.”

“समजाचा काय? बसल्यासतच.” आणि तिने घसा खाकरून गायला सुरुवात केली. फाटलेला, पण तिचाच आवाज. रविवार आणि मग लागून आलेल्या सुट्टीचे दोन दिवस, तीन दुपारी ती गायली. ओळ टाकायची आणि थांबायची. थांबली की उजवा हात मुसळ धरल्यासारखा वरखाली करायची. मग पुढची ओळ. दीपक पडद्यावर बघत होता. ओळ आली की हिरवी रेघ डोंगरासारखी उठायची, ती थांबली की सपाट व्हायची. त्याला वाटलं, आई दमतेय, विसावतेय. तिला दमू दे, म्हणून तो काही बोलला नाही.

ऑपरेशन झालं. आई वाचली. ह्यासाठी तो कुणाकुणाचे पाय धरत राहिला ते सांगत बसलो तर दुसरी गोष्ट होईल. महिन्याभराने, ती घरी आल्यावर, त्याने गाणी नीटनेटकी करायला घेतली. गाणी गाडीत वाजायची तर गाण्यासारखी हवीत ना. ओळ झाली की एवढा वेळ नुसतं मुकं कोण ऐकेल? लोकांना वाटेल टेप बिघडला. कॉम्प्युटरमध्ये एक सोय होती: जिथे आवाज नाही ते सगळं एका दमात कापून टाकायचं. त्याने बटण दाबलं. बावन्न मिनिटांची गाणी एकतीस मिनिटांची झाली. डोंगराला डोंगर चिकटला. त्याने तीच ‘सेव्ह’ केली, जुनीवरच, कारण जुन्या लॅपटॉपात जागा कमी.

त्याला स्वतःचा अभिमान वाटला होता. आईसाठी आपण एवढं केलं.

पुढे एकदा हॉस्पिटलातून येताना त्याने ती गाणी लावली. शांताने चार ओळी ऐकल्या आणि हात पुढे करून टेप बंद केला. दीपकने मनाशी ठरवलं, तिला सोसत नाही. आपला गेलेला आवाज ऐकणं कुणाला सोसेल? त्याने पुन्हा कधी ती लावली नाहीत. पाच वर्षं ती गाणी सीटखाली गोधडीवर निजून राहिली.

*

ह्या मार्गशीर्षात मेघनाचं लग्न ठरलं. मुलगा गिरगावचा, वरद नावाचा, बोलण्यात पुण्यासारखा आणि खाण्यात मालवणसारखा, म्हणून सगळ्यांना पसंत. मेघनाने पहिल्याच बैठकीत सांगितलं, “हॉल वगैरे तुम्ही ठरवा. घाणा मात्र आपल्या चाळीच्या चौकात, आणि आजीच गाणार.”

“अगं, आजी कशी—” वरदची आई म्हणाली.

“गाडीतून,” मेघना म्हणाली.

घाण्याला पाच दिवस राहिले असताना, एका रविवारी सकाळी दीपकने गाडी चौकात घेतली. तालीम. चाळीतल्या सातआठ बायका जमल्या. तळमजल्यावरचे नाना, चाळीचे सगळ्यात वडीलधारे, हात हलवत गाडीला वाट दाखवत होते, “येऊ दे, येऊ दे, बस, बस. स्कूटरला लागेल रे.” दीपकने चारही दारं उघडली, मागची डिकी उघडली, लॅपटॉप चालू केला. शांता पुढच्या डाव्या सीटवर बसली, पाय बाहेर. मांडीवर तिची पाटी. मुलांची असते ना तसली काळी पाटी, काडीने लिहायचं आणि खालचं बटण दाबलं की सगळं पुसलं जातं. ऑपरेशननंतर तिने गळ्याला लावायचं बोलण्याचं यंत्र एकदा लावून बघितलं होतं आणि परत केलं होतं. पाटीवर लिहिलं होतं, *रेल्वेची बाय बोलता तसा वाटता.*

गाणं सुरू झालं. चौकात शांताचा आवाज आला तेव्हा दुसऱ्या मजल्यावरून कुणाचं तरी भांडं पडलं. सगळ्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. पहिली ओळ संपली, बायकांनी झेलायला तोंड उघडलं, आणि दुसरी ओळ सुरू झाली. त्या थांबल्या. दुसरी संपली, परत तोंड उघडलं, तोवर तिसरी आली. एकजण हसली. एकीने धावत धावत अर्धी ओळ पकडली आणि सोडून दिली.

“काकूंना बस पकडायचीय काय गं?” कोणीतरी म्हणालं.

“शांते, जरा दम घे की,” नाना ओट्यावरून म्हणाले, आणि मग त्यांनी जीभ चावली.

चार गाणी झाली आणि एकाही बाईला एकही ओळ गाता आली नाही. शांताचा आवाज चौकात एकटाच धावत होता, दारामागून दार ठोठावत, आणि दार उघडायच्या आत पुढे पळत. दीपकने वैशालीकडे पाहिलं. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं होतं.

मग शांताने पाटी वर केली. मोठ्या, वाकड्या अक्षरांत लिहिलं होतं:

*बायांची जागा खंय गेली?*

दीपकने वाचलं. एकदा, दोनदा. त्याच्या डोळ्यांपुढे कॉटन ग्रीनची ती दुपार आली: ती ओळ टाकते, थांबते, हात मुसळासारखा वरखाली होतो. ती विसावत नव्हती. ती थांबली होती तेव्हा दुसऱ्या बायका गात होत्या. त्या दिसत नव्हत्या एवढंच.

“मी कापली,” तो म्हणाला.

*

दुसऱ्या दिवसापासून तीन दिवस त्याने ऑफिसला अर्धी सुट्टी टाकली. मेघनाने आदल्या संध्याकाळी लॅपटॉप उलटापालटा केला होता. जुनी फाइल कुठेच नव्हती. तिनं बापाला रागे भरलं नाही, त्यामुळे त्याला जास्त लागलं. “बाबा, जागा परत घालता येतात,” ती म्हणाली. “कुठे आणि केवढ्या, एवढंच कळायला हवं. ते कोणाला माहितेय?”

ते एकाच माणसाला माहीत होतं.

गाडी पुन्हा त्याच पर्जन्यवृक्षाखाली उभी राहिली. तीच गोदामं, तीच कबुतरं. शांता डाव्या सीटवर, दीपक उजव्या, लॅपटॉप मधे गिअरवर आडवा, त्यातून वायर टेपात. गाणं लावायच्या आधी दीपक म्हणाला, “आई, त्या दिवशी हॉस्पिटलातून येताना तू टेप बंद केलास, तो ह्यासाठी?”

तिने मान हलवली.

“मग तेव्हाच का नाही सांगितलंस?”

तिने पाटी घेतली. *तुझी हौस बघून.* मग पुसून आणखी लिहिलं, *वाटला बंद गाडीत कशाक व्हयी बायो.*

दीपक म्हणाला, “मला माफ कर गं. मी तुझ्यासाठी म्हणून केलं आणि तुझंच कापलं.”

शांताने आपल्या मानेवरचा रुमाल जरा बाजूला करून बोट त्या भोकाशी नेलं. लिहिलं: *डॉक्टरीणबायन पण कापलाच. चालता.*

आणि तिने टेपकडे बोट दाखवून इशारा केला. लाव.

दीपक एक ओळ वाजवायचा, थांबवायचा. शांता उजवा हात उचलायची. वर, खाली. वर, खाली. दीपक बटणावर बोट ठेवून बघायचा. हात थांबला की तेवढी मुकी जागा ओळीपुढे घालायचा. बहुतेक ओळींना चार घाव. लांब ओळीला पाच. काही ठिकाणी ती मुसळ उचलतच नसे, दुसरी ओळ लगेच हवी असे. तिथे तो थांबला तर ती त्याच्या हातावर चापट मारायची. तिसऱ्या गाण्यात वराच्या आईला आवतन होतं, जरा चावरं, आणि तिथे चार घावांनंतर शांताने हात तसाच हवेत धरला.

“काय?”

*हय हसतत,* तिने लिहिलं.

“किती?”

ती विचारात पडली. मग पाटी मांडीवर ठेवून, खांदे हलवत, तोंड उघडून, बिनआवाजाची हसली. दीपकने वेळ धरली. सहा सेकंद. त्याने सहा सेकंदांचं हसू घातलं.

तीन दुपारी गेल्या. एक गोष्ट त्याला परत आणता आली नाही: ओळीआधी तिने घेतलेला श्वास. तो बारीक असतो, त्या सोयीने तोही आवाज नाही म्हणून कापला होता. त्याने तिला सांगितलं. तिने खांदे उडवले. तिचा श्वास आता वेगळ्या दाराने येत जात होता, त्या दाराची तिला सवय झाली होती.

शेवटच्या दिवशी शेवटचं गाणं. शेवटून दुसऱ्या ओवीनंतर बायांची जागा झाली, चार घाव, आणि शांताने पुढची ओळ मागितलीच नाही. हात मांडीवर ठेवला, उताणा, आणि बाहेर बघत बसली. दीपक मोजत होता. दहा. वीस. एक कबुतर बॉनेटवर उतरलं, चाललं, उडालं. तीस. चाळीसच्या पुढे तिने मान हलवली. आता.

“आई, एवढी? लोकांना वाटेल मशीन बंद पडली.”

*वाटूं दे.*

“इथे कोण गातं?”

तिने उत्तर लिहिलं नाही. पाटीचं बटण दाबून कोरी पाटी तेवढी त्याला दाखवली.

त्याने चाळीस सेकंद घातले. आता तिने सांगितलेली जागा कापायची त्याची हिंमत नव्हती. त्यानंतर शेवटची ओवी, आणि तिच्या शेपटाला रेकॉर्डिंग बंद होताना पकडले गेलेले काही शब्द होते. ते गाण्यातले नव्हते. तो ते काढू गेला, तर शांताने त्याचा हात धरला.

*

घाण्याच्या दिवशी चौक शेणाने नाही पण रांगोळीने तरी सारवल्यासारखा झाला होता. उखळ गावाहून आणलेलं, मुसळांना आंब्याची पानं. गाडी आली, दारं उघडली गेली. गाडीच्या पुढच्या आरशाला कुणी तरी झेंडूची माळ घातली. लॅपटॉपची बॅटरी म्हातारी, म्हणून नानांच्या खोलीतून वायर ओढली. मनू सकाळपासून हजर होता, हातात पक्कड, कपाळाला कुंकू.

“दीपकशेठ, मंडपवाल्याचे मोठे बॉक्स आणू का? माझ्या ओळखीत आहे.”

“नको रे. त्यातून आई हरवलेल्या मुलाची घोषणा केल्यासारखी वाटेल. तिने ह्या गाडीला गाऊन दाखवलंय. ही गाडीच बोलेल.”

शांता आपल्या सीटवर बसली, मोतिया रंगाचं नऊवारी नेसून. मेघना तिच्या पायाशी पाटावर. पाच बायकांनी मुसळं धरली. वैशाली आईच्या नात्याने पहिल्या मुसळाला होती, आणि आज चहा करायला पळायची सोय नव्हती.

दीपकने बटण दाबलं.

शांताच्या आवाजाने पहिली ओळ टाकली आणि तो थांबला. मुसळ पडलं, धप. आणि बायकांनी ओळ झेलली, साताठ गळे एकदम, एक वर, एक खाली, एक बेसूर. चार घाव झाले. शेवटचं अक्षर कुणाच्या तरी तोंडात होतं तोवर स्पीकरमधून शांता आली, नेमकी, जशी पूर्वी यायची, बायांच्या शेवटाला हात धरून. एक म्हातारी मुसळ सोडून तोंडाला पदर लावून उभी राहिली. “गेली नाय गो ही,” ती म्हणाली. “हयच आसा.”

देव आले, पितर आले, वेस आली. जिना आला. शेजीचं दार आलं. चावरी ओवी आली आणि बायका हसल्या, वरदची आई सगळ्यात मोठ्याने. सहा सेकंद पुरले नाहीत, पुढची ओळ हसण्यातच बुडाली. शांताचा उजवा हात मांडीवर वरखाली होत होता, पाच वर्षांत झाला नव्हता तसा.

मग ते शेवटचं गाणं.

बायांनी झेललं, चार घाव झाले, मुसळ थांबलं. आणि स्पीकरमधून काही आलं नाही. पाच सेकंद. दहा. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मनूने डबीवर झडप घातली, तेव्हा दीपकने त्याचं मनगट धरलं.

“वायर सुटली रे.”

“नाही सुटली.”

“मग?”

“थांब.”

पडद्यावर रेघ सपाट सरकत होती. पंधरा. दीपकने आईकडे पाहिलं. ती वैशालीकडे बघत होती. नुसती बघत होती, हात उताणा मांडीवर ठेवून, जसं ताटात वाढायला कोणी येईल म्हणून ताट पुढे ठेवावं. नाना ओट्यावरून हळूच, स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, “ही ओवी पोरीच्या आईची असते. शांताच्या घाण्यात. आपली आपण जुळवायची.” दीपकला हे ठाऊक नव्हतं. पुरुष त्या वेळी नेहमी मांडवाच्या वाशांपाशी असतात.

पण वैशालीला ठाऊक होतं. अठ्ठावीस वर्षं तिने स्वयंपाकघराच्या दाराआडून ह्या जागेला दुसऱ्या बायकांच्या ओव्या ऐकल्या होत्या. तिने मुसळ घट्ट धरलं, खाली उखळात बघितलं, आणि गायली. सातारी वळणाचा, कापरा, कधी न वापरलेला आवाज:

*सासू माझी बाई, तुळशीची माती,*
*तिच्या गं हाती, रुजले मी.*

*रोपाला माझ्या, आली ही मंजिरी,*
*दुज्याच्या घरी, लावते आता.*

कुणी झेललं नाही. झेलायची नव्हतीच ती. मुसळाचा एकच घाव पडला. वैशालीची ओवी संपली तरी जागा थोडी उरली होती. त्या उरलेल्या जागेत वरच्या मजल्यावर कुकरची शिटी झाली, मेघनाने नाक ओढलं, आणि शांताने दोन्ही हात उचलून सुनेच्या बाजूने कानशिलांवर बोटं मोडली. कडकड आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

आणि मग गाडीतून तिची शेवटची ओवी आली:

*आता आवतन, सरलं गं बाई,*
*राहिलं जे काही, ते तुम्ही गावा.*

बायकांनी ती झेलली. दीपकनेही झेलली, दबक्या आवाजात, वाशापाशी नाही, गाडीच्या दाराला धरून. मनू त्याच्याकडे बघून मिशीत हसला आणि मग तोही गुणगुणायला लागला.

गाणं संपलं. बायका मुसळं खाली ठेवणार, तोच स्पीकरमध्ये काहीतरी खसखसलं, लुगड्याचा आवाज, गाडीच्या सीटची करकर, आणि शांताचा साधा, रोजचा आवाज. गाण्यातला नव्हे. ज्या आवाजाने ती भाजीवाल्याशी घासाघीस करायची, पोरांना जिन्यावरून खाली पिटाळायची, तो. पाच वर्षांत कुणी ऐकला नव्हता तो.

“झाला मां रे? बंद कर आता. चल, चाय पिऊक जाऊया.”

 मग मेघना पाटावरून उठली आणि गाडीलाच म्हणाली, “हो आजी, टाकते.” सगळ्या हसायला लागल्या, डोळे पुसत, एकमेकींच्या अंगावर रेलत. शांता सीटवर बसल्या बसल्या मोठ्या ऐटीत मान हलवत होती, म्हणजे मीच सांगितलं ना, आता टाका चहा.

दीपकने लॅपटॉपचं झाकण लावायला हात पुढे केला, आणि थांबला. रेघ अजून सपाट सरकत होती, शेवटाकडे. त्याने ती सरकू दिली. मग खाली वाकून, कुणी बघत नाही असं बघून, त्याने त्या एम नसलेल्या बटणांवर हळदीचं बोट टेकवलं, उखळाला लावतात तसं. चहाचे कप आले तेव्हा पहिला कप वैशालीने गाडीपाशी आणला, सासूच्या हातात दिला आणि दाराच्या कडेला तिथेच, तिच्या पायाशी बसली. आज तिला आत पळायचं नव्हतं.